निष्कलंक की निर्विष? महानगरातील भोजनाचे ताट आणि शेतातील कीटक

नवी दिल्लीतील आयटीसी मौर्य या हॉटेलात ‘बुखारा’ नावाचे भोजनगृह आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या भोजनगृहाने वायव्य सरहद्द प्रांतातील तंदुरी पाककलेला जगभर नाव मिळवून दिले. अनेक देशांच्या राष्ट्रप्रमुखांनी येथे भोजन केले आहे. मात्र पाहुणा कितीही मोठा असला, तरी त्याच्या गळ्यात चौकडीचे कापड बांधले जाते आणि त्याने हाताने जेवावे, अशी येथील रीत आहे. पदार्थांची यादी इतक्या वर्षांत फारशी बदललेली नाही. भारतीय पाककलेला महानगरात जी प्रतिष्ठा आज लाभली आहे, तिच्यामागे अशा भोजनगृहांचा मोठा वाटा आहे.

या ताटाकडे कीटकशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. एवढे दाम मोजून जेवणाऱ्या ग्राहकाच्या दोन अपेक्षा असतात. ताटातला प्रत्येक जिन्नस निष्कलंक असावा, त्यावर डाग, छिद्र वा अळीची खूण नसावी, ही पहिली. तो निर्विष असावा, त्यात कीडनाशकाचा अंश उरलेला नसावा, ही दुसरी. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. परंतु शेताच्या बांधावर त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशांना ओढतात. निष्कलंक मालाच्या धाकाने शेतकरी एक फवारणी अधिक करतो आणि तीच फवारणी निर्विषतेच्या आड येते. हा पेच कोणत्याही एका भोजनगृहाचा नाही, तो चांगल्या भावाच्या प्रत्येक बाजारपेठेचा आहे. ताटातील चार पदार्थांच्या आधारे तो समजून घेता येतो.

फ्लॉवरचा गड्डा

तंदुरी भोजनात शाकाहारी पाहुण्यांसाठी फ्लॉवरचा मान मोठा. अख्खा गड्डा किंवा त्याचे मोठे तुरे मसाल्यात घोळवून भाजले जातात. तुरा मोठाच ठेवायचा असल्याने किडका भाग कापून टाकण्याची सोय स्वयंपाक्याला फारशी नसते. त्यामुळे खरेदी करणारा गड्डा उलटसुलट करून पाहतो आणि एक अळी दिसली तरी माल बाजूला सारतो.

ही अळी बहुधा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असते. प्लुटेला झायलोस्टेला हे तिचे शास्त्रीय नाव. कीडनाशकांना दाद न देण्यात या किडीचा हात धरणारी दुसरी कीड क्वचितच सापडेल. १९५३ मध्येच जावा बेटावर या किडीने डीडीटीला प्रतिकार केल्याची नोंद झाली आणि त्यानंतर रसायनांच्या एकामागून एका गटाला तिने निष्प्रभ केले. एकच औषध पुन्हा पुन्हा फवारले की त्यातून तगलेल्या किडींचीच प्रजा वाढते. औषध ‘लागू पडत नाही’ म्हणून मात्रा वाढवली जाते, दोन औषधे एकत्र मिसळली जातात आणि काढणीच्या दोन दिवस आधीही पंप पाठीवर चढतो. माल निष्कलंक दिसतो, पण तो निर्विष राहत नाही.

यावरचा उपाय काढणीच्या आठवड्यात सापडत नाही, तो लागवडीआधी करावा लागतो. बंगळूरू येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने कोबीसाठी मोहरीच्या सापळा पिकाची पद्धत विकसित केली. पिकाच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्याव्यात. त्यांपैकी एक लागवडीच्या १५ दिवस आधी आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरावी, म्हणजे हंगामभर कोवळी मोहरी उपलब्ध राहते. मादी पतंग अंडी घालण्यासाठी मोहरीला पसंती देतो आणि किडीचा बंदोबस्त त्या मोजक्या ओळींतच करता येतो. मुख्य पिकात कामगंध सापळे, ५ टक्के निंबोळी अर्क आणि बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूवर आधारित कीटकनाशक यांना प्राधान्य द्यावे. सुरुवातीलाच जहाल रसायन फवारले, तर कोटेशिया व्हेस्टॅलिससारखे परोपजीवी गांधील प्रथम मरतात आणि पुढील सारा हंगाम शेतकऱ्याला एकट्यानेच किडीशी झुंजावे लागते.

अख्खा उडीद

‘बुखारा’ची खरी कीर्ती तिथल्या डाळीमुळे झाली. अख्खा काळा उडीद टोमॅटो, आले, लसूण आणि लोण्यासह मंद आचेवर रात्रभर शिजत राहतो. इतका वेळ शिजूनही दाण्याचे अस्तित्व टिकून राहावे, ही या पदार्थाची कसोटी आहे. त्यासाठी दाणा सारखा, भरलेला आणि अखंड असावा लागतो.

साठवणीत या अखंडपणावर घाला घालतो तो कडधान्यातील भुंगेरा. कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस आणि कॅलोसोब्रुकस मॅक्युलॅटस या त्याच्या आपल्याकडील प्रमुख प्रजाती. मादी दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी चिकटवते. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते, आतला गर खाते आणि गोल छिद्र पाडून भुंगेरा बाहेर येतो. उष्ण हवेत सुमारे चार आठवड्यांत एक पिढी पूर्ण होते. छिद्र दिसेपर्यंत दाणा बाहेरून निरोगीच भासतो, म्हणून खरेदीच्या वेळी उत्तम वाटलेला माल महिन्याभराने पोकळ निघतो. किडीच्या उत्सर्जनातून दाण्यात युरिक आम्लही साचते. अन्नधान्यातील त्याचे प्रमाण किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे मानक आहे.

अनेकांच्या ध्यानात न येणारी बाब अशी की, या किडीची सुरुवात कोठारात होतेच असे नाही. शेतात शेंगा पक्व होत असतानाच मादी त्यांवर अंडी घालते आणि कीड पोत्यासोबत घरी येते. त्यामुळे वेळेवर काढणी आणि तत्काळ वाळवणी यांना पर्याय नाही. दाण्यातील ओलावा ९ ते १० टक्क्यांपर्यंत खाली आणावा. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे, ही जुनी परीक्षा आजही उपयोगी आहे. वाळलेला माल हवाबंद पिशवीत किंवा कोठीत भरल्यास आतील प्राणवायू संपतो आणि कोणतेही रसायन न वापरता कीड थांबते. घरगुती साठ्यासाठी किलोमागे ५ ते ७ मिलिलिटर खाद्यतेल दाण्यांना चोळण्याची पद्धतही परिणामकारक आहे. डाळ भरडल्यास या किडीचा उपद्रव बराच कमी होतो, परंतु ज्या ग्राहकाला अख्खाच उडीद हवा आहे त्याच्यासाठी माल राखताना ही सोय उरत नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. धान्यात टाकण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातील कोठीत ठेवणे जीवघेणे ठरते. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचे प्राण घेऊ शकतो. धुरीकरण हे प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तीचेच काम आहे.

२०२५-२६ च्या हंगामासाठी उडदाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ७,८०० रुपये, म्हणजे किलोला ७८ रुपये होती. महानगरातील भोजनगृहात एका वाटी डाळीचे दाम याहून कितीतरी अधिक असते. या दोन किमतींमधील अंतर शेतकऱ्याला एकट्याने मिटवता येणार नाही. मात्र कीडमुक्त, प्रतवारी केलेला अख्खा उडीद चार महिने राखण्याची क्षमता असलेला शेतकरी गट काढणीच्या आठवड्यात मिळेल त्या भावाला बांधलेला राहत नाही. भाव ठरवताना त्याच्या शब्दाला वजन येते.

जुना तांदूळ

डाळीनंतर भात येतो. दमावर शिजणाऱ्या बिर्याणीसाठी जुना बासमती पसंत केला जातो, कारण मुरलेला दाणा शिजताना लांब फुलतो आणि एकमेकांना चिकटत नाही. जुना म्हणजे महिनोन्महिने साठवलेला. त्या काळात सोंडकिडा आणि तांबडा भुंगेरा यांच्यापासून तो राखणे हे स्वतंत्र शास्त्र आहे.

बासमतीच्या बाबतीत निर्विषतेचा प्रश्न किती महाग पडू शकतो, हे निर्यातीत दिसून आले. करपा रोगासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाच्या अवशेषांची मर्यादा युरोपीय संघाने १ जानेवारी २०१८ पासून किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. कालपर्यंत चालणारा माल एका दिवसात नाकारण्याजोगा ठरला. पुढे २०२२ मध्ये पंजाब सरकारने बासमतीच्या हंगामात दहा कीडनाशकांच्या विक्रीवर आणि वापरावर ६० दिवसांची बंदी घातली. त्यांत ॲसिफेट, ब्युप्रोफेझिन, क्लोरपायरिफॉस यांसारखी कीटकनाशके होती, तसेच ट्रायसायक्लाझोलही होते.

बंदीने फवारणी थांबते, पण रोग थांबत नाही. त्यासाठी वाणातच प्रतिकारशक्ती असावी लागते. भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा बासमती १८४७, १८८५ आणि १८८६ हे वाण याच हेतूने विकसित केले. अनुक्रमे १५०९, ११२१ आणि पुसा बासमती ६ या लोकप्रिय वाणांमध्ये करपा आणि जिवाणूजन्य करपा यांविरुद्धची जनुके आणून ते तयार करण्यात आले आहेत. बियाण्याची निवड करताना घेतलेला एक निर्णय पुढच्या अनेक फवारण्या वाचवतो.

फिरनीतील वेलदोडा

भोजनाचा शेवट फिरनीने होतो. दूध, तांदळाची कणी, केशर आणि वेलदोडा. आतापर्यंत कीटक शत्रूच्या भूमिकेत होता, येथे तो उपकारकर्ता म्हणून भेटतो.

वेलदोड्याचे फूल पहाटे उमलते आणि एकच दिवस टिकते. त्याच्या रचनेमुळे परागकण आपोआप कुक्षीवर पोहोचत नाहीत. केरळच्या इडुक्कीसारख्या डोंगराळ भागांत हे काम प्रामुख्याने सातेरी आणि आग्या मधमाश्या करतात. माशी आली नाही तर बोंड धरत नाही. याउलट केशराची वनस्पती वांझ असून ती कंदांपासून वाढवली जाते, तिला परागीभवनाची गरज नसते. एकाच वाटीत कीटकावर पूर्णतः विसंबणारा आणि त्याच्याशिवाय भागवणारा असे दोन मसाले एकत्र येतात.

वेलदोड्यावर फुलकिड्यांचा प्रादुर्भाव झाला की बोंडे खरबरीत आणि खवलेदार होतात व भाव पडतो. म्हणून या पिकावर फवारण्या भरपूर होतात. सकाळी फुलांवर मधमाश्यांची वर्दळ असताना केलेली फवारणी मात्र दुहेरी तोटा करते. डाग टाळण्यासाठी मारलेले औषध बोंड धरवणाऱ्या माशीलाच मारते. फवारणी अटळ असेल, तर ती मधमाश्यांची ये-जा ओसरल्यानंतर, दुपारनंतर करावी. हाच नियम मोहरी, सूर्यफूल, कांदा बीजोत्पादन, डाळिंब आणि वेलवर्गीय भाज्यांनाही लागू पडतो.

ताट आणि बांध यांमधील दुवा

या चारही पदार्थांचा बोध एकच आहे. निष्कलंक आणि निर्विष या दोन अपेक्षांचा मेळ शेवटच्या फवारणीत बसत नाही, तो पहिल्या निर्णयांत बसतो: वाण कोणता, सापळा पीक आहे की नाही, पहिले औषध कोणते, वाळवणी किती, साठवण कशी. वेळ निघून गेल्यावर शेतकऱ्यापुढे डागाळलेला माल किंवा विषाचा अंश असलेला माल, एवढेच दोन पर्याय उरतात आणि दोन्हींत नुकसान त्याचेच होते. फवारणीचे तुषार सर्वप्रथम त्याच्याच श्वासात जातात, हेही विसरता येणार नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी चांगल्या बाजारपेठेकडे वळू पाहणाऱ्या गटांसोबत पुढील बाबींपासून सुरुवात करावी:

• प्रत्येक फवारणीची तारीख, औषधाचे नाव आणि मात्रा यांची नोंदवही ठेवावी. मोठे खरेदीदार प्रथम हीच वही मागतात.

• औषध त्या पिकासाठी शिफारस केलेले आहे का आणि फवारणी ते काढणी किती दिवसांचा प्रतीक्षा कालावधी आहे, हे लेबलावर वाचूनच फवारणी करावी.

• नियमित निरीक्षण करून किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच रासायनिक उपाय योजावा. एकाच गटातील औषध सलग वापरू नये.

• खरेदीदाराशी बोलताना ‘डाग किती चालेल’ हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा आणि ती मर्यादा लेखी ठरवून घ्यावी.

यांतील शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आणि तितकाच महत्त्वाचा आहे. फ्लॉवरच्या बाहेरच्या पानावरील छिद्र गड्ड्याच्या चवीला बाध आणत नाही. वेलदोड्याच्या सालीवरील लहानसा खरबरीत डाग फिरनीत दिसत नाही. हे स्वयंपाकघरातील जाणकाराला पटवून देता आले, तर शेतातील एक फवारणी कमी होते. आज अनेक नामांकित शेफ आपल्या कच्च्या मालाचा उगम जाणून घेण्यास उत्सुक असतात. त्यांना शेतावर बोलवावे, मोहरीच्या ओळी आणि कामगंध सापळे दाखवावेत. पान कुरतडलेला पण निर्विष गड्डा त्यांनी एकदा स्वतःच्या हातात घेतला, म्हणजे तो का स्वीकारावा हे वेगळे सांगावे लागणार नाही.