चारच्या चहासोबत बेदाण्यांचा लोफ

मधुमेहाच्या रुग्णाला आहार विचारला की सकाळचा नाष्टा, दुपारची भाकरी, रात्रीचा भात असा सगळा तपशील मिळतो. चारच्या चहाबरोबर काय घेता, हे मात्र दोनदा विचारावे लागते. ‘काही नाही, नुसता चहा. एखादी खारी, नाहीतर दोन बटर,’ असे उत्तर येते. जेवण मोजले जाते, चहाबरोबरचे मोजले जात नाही. म्हणून आज त्या वेळेसाठी घरी सहज करता येईल असा एक पदार्थ आणि त्याचा खरा हिशेब पाहू.

खारीचे पापुद्रे सुटतात ते पिठाच्या घड्यांमध्ये लावलेल्या वनस्पती तुपामुळे किंवा मार्गरीनमुळे. तेलातुपातील ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून लागू आहे. ही चांगली गोष्ट झाली. पण ट्रान्स फॅट कमी झाले म्हणून खारीतले एकूण तूप कमी झाले असे नाही. दुकानातल्या ‘फ्रूट केक’मध्ये फळ किती, हाही प्रश्नच असतो. त्यातले लाल-हिरवे तुकडे म्हणजे टुटीफ्रुटी. कच्ची पपई साखरेच्या पाकात मुरवून, रंग देऊन ती तयार होते.

खरे फळ वापरायचे तर आपल्या भागात शोधायला लांब जावे लागत नाही. तासगाव आणि सांगलीच्या बाजार समित्यांत बेदाण्याचे सौदे निघतात आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवले की हा थर सैल होतो आणि आतले पाणी बाहेर पडू लागते. मग शेडमधल्या जाळ्यांवर, सावलीत, साधारण दोन आठवड्यांत द्राक्षाचा बेदाणा होतो. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. पाणी जाते, साखर मात्र सगळी मागे राहते. हे लक्षात ठेवा, पुढच्या हिशेबात लागेल.

ब्रिटनमध्ये सुका मेवा चहात भिजवून त्याचा लोफ करण्याची जुनी पद्धत आहे. वेल्समध्ये त्याला ‘बारा ब्रिथ’, म्हणजे ठिपक्यांचा पाव, म्हणतात. चहात भिजवून केलेल्या अशा अनेक लोफमध्ये लोणी-तेल नसतेच. आपल्याला उपयोगी आहे ते हेच.

साहित्य असे: ३०० ग्रॅम बेदाणे, ३०० मिलिलिटर कडक कोरा चहा, ८० ग्रॅम चिरलेला गूळ, २५० ग्रॅम कणीक, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, एक अंडे किंवा चार मोठे चमचे दही, चिमूटभर मीठ, आवडीप्रमाणे सुंठ किंवा जायफळ.

बेदाणे कोमट पाण्यात दोनदा धुऊन घ्या. गरम चहात गूळ विरघळवा, त्यात बेदाणे घाला आणि झाकून चार-पाच तास ठेवा. रात्रभर ठेवायचे असल्यास चहा निवल्यावर भांडे फ्रीजमध्ये ठेवा. कोरडे बेदाणे तसेच घातले तर ते पिठातले पाणी ओढून घेतात आणि लोफ कोरडा होतो. आधीच भिजलेले बेदाणे ओलावा टिकवतात, म्हणून तेल न घालताही लोफ मऊ राहतो. चहातला किंचित कडवटपणा गोडी तोलून धरतो.

कणीक, मीठ, मसाला आणि बेकिंग पावडर एकत्र करा. त्यात उरलेल्या चहासकट बेदाणे आणि अंडे किंवा दही घालून हलक्या हाताने, पीठ जेमतेम ओले होईपर्यंतच मिसळा. फार घोटले तर गव्हातले ग्लुटेन ताणले जाऊन लोफ चिवट होतो. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवे. सैल वाटले तर दोन चमचे कणीक वाढवा. ओलावा मिळताच बेकिंग पावडरमधून वायू सुटू लागतो, त्यामुळे मिश्रण ठेवून देऊ नका. तुपाचा हात लावलेल्या भांड्यात ओतून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंश सेल्सिअसला तासभर भाजा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर द्या, त्यावर स्टँड आणि स्टँडवर भांडे ठेवा, घट्ट झाकण लावा आणि मंद आचेवर तास-सव्वा तास भाजा. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाले. पूर्ण गार झाल्यावरच कापा. दुसऱ्या दिवशी तो अधिक छान लागतो. उन्हाळ्यात मात्र दुसऱ्या दिवसानंतर फ्रीजमध्येच ठेवा.

आपल्याकडे खिरीसाठी आणला जाणारा खपली गहूही इथे चालतो. त्याचे ग्लुटेन कमी ताकदीचे असल्याने लोफ खुसखुशीत होतो. पण खपलीत ग्लुटेन असतेच. सिलिॲक आजार असलेल्यांनी तो खाऊ नये.

आता हिशेब. या लोफचे १४ काप केले, तर एका कापात साधारण १५० कॅलरी येतात. गूळ जेमतेम सहा ग्रॅम येतो, पण २० ग्रॅमच्या आसपास बेदाणे असतात आणि त्यांच्या वजनाच्या दोन तृतीयांशाजवळ साखरच असते. सगळी मिळून एका कापात सुमारे चार छोटे चमचे साखर झाली. गूळ अजिबात घातला नाही तरी त्यातली बरीचशी राहणारच. त्यामुळे ‘साखर नाही, मधुमेहाला चालतो’ असे कोणी म्हणाले तर ते खरे नाही. रक्तातली साखर आटोक्यात असेल तर अर्धा काप, बिनसाखरेच्या चहाबरोबर, आणि त्या दिवशी दुसरे गोड नाही, एवढी मुभा घेता येईल. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले असेल तर बेदाणे टाळावेत. पिवळ्या बेदाण्याचा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. काही दमेकऱ्यांना त्यातल्या सल्फाइटने धाप लागते. त्यांनी धुरी न दिलेले काळे बेदाणे वापरावेत. लहान मुलांना देताना बेदाणे बारीक चिरून घाला, अख्खा बेदाणा घशात अडकू शकतो.

शेवटचा मुद्दा घरातल्या बायकांसाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी ५४ टक्के महिलांत रक्तक्षय आढळला. ‘रक्त कमी आहे ना, मग बेदाणे खा,’ हा सल्ला घरोघरी मिळतो. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. वरच्या एका कापातल्या बेदाण्यांतून एक मिलिग्रॅमही मिळत नाही. शिवाय चहातले टॅनिन वनस्पतिजन्य लोहाला बांधून ठेवते, त्यामुळे ते आतड्यात नीट शोषले जात नाही. म्हणजे चहात भिजवलेला, चहाबरोबर खाल्लेला बेदाणा हे रक्तवाढीचे औषध होऊ शकत नाही.

म्हणून रक्तक्षय असेल तर लोहाची गोळी चालूच ठेवा. ती चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर लोह चांगले शोषले जाते. जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवा. दुपारी एकला जेवून चारला चहा घेणाऱ्या घरात हे अंतर आपोआप सांभाळले जाते. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय तेवढी मोडायला हवी. लोफ करा, आवडीने खा, फक्त कापतानाच चौदा काप करा आणि ताटलीत एकच घ्या.