बुद्धीचें माप आणि मापाची बुद्धि

वैशाखाच्या उन्हांत शिळफाट्यावरून खोपोलीच्या घाटाकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं रस्त्याच्या कडेस करवंदांचे व जांभळांचे वांटे मांडून बसलेलीं ठाकर-कातकऱ्यांचीं मुलें पाहिलीं असतीलच. गिऱ्हाइकानें पांच वांटे घ्यावे, भावांत घासाघीस करावी आणि वर मोठी नोट पुढें करावी. दहा-अकरा वर्षांची पोर कागद-पेन्सिलीवांचून हिशेब करते व उरलेले पैसे बिनचूक हातांत ठेवते. तीच पोर शाळेंत फळ्यावरचा भागाकार पाहून गप्प बसते आणि "बुद्धि बेताची" असा शेरा पदरांत घेऊन घरीं जाते. त्याच वेळीं बाजारपेठेंतील एखाद्या दुकानदाराचा मुलगा माडीवर बसून शिष्यवृत्ति-परीक्षेंतील "बुद्धिमत्ता चाचणी"चीं कोडीं घोटीत असतो. संख्यामालिकेंतील पुढची संख्या कोणती, गटांत न बसणारा शब्द कोणता, आरशांतील आकृति कशी दिसेल, हें त्यास सरावानें जमूं लागलें कीं घरचीं माणसें त्यास बुद्धिमान् म्हणूं लागतात. या दोघांत बुद्धि अधिक कोणाची? उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं, आणि तें सोपें आहे असें मानून आपण रोज मुलांचे निवाडे करीत आहों, म्हणून हा लेख लिहिणें प्राप्त झालें.

हें माप आलें कोठून तें प्रथम पाहूं. 1904 सालीं फ्रान्सच्या शिक्षणखात्यानें एक समिति नेमिली. सामान्य वर्गांत मागें पडणारीं मुलें ओळखून त्यांच्या विशेष शिक्षणाची तजवीज करावी, हा तिचा हेतु होता. या कामासाठीं आल्फ्रेड बिने या मानसशास्त्रज्ञानें आपला सहकारी सिमों याच्या साह्यानें 1905 सालीं तीस लहान कसोट्यांची एक मालिका तयार केली. 1908 सालीं तिची सुधारणा करून "मानसिक वय" ही कल्पना पुढें मांडिली. पुढें 1912 सालीं स्टर्न या जर्मन पंडितानें मानसिक वयास खऱ्या वयानें भागण्याची रीत सुचविली, आणि अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टर्मननें 1916 सालीं तो भागाकार शंभरानें गुणून "बुद्ध्यंक" रूढ केला. आठ वर्षांच्या मुलास दहा वर्षांच्या मुलाचीं कामें साधलीं तर त्याचा बुद्ध्यंक 125, असा हा सरळ त्रैराशिकाचा हिशेब आहे. परंतु लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, मनुष्याची बुद्धि जन्मतःच ठरलेली असून ती वाढूंच शकत नाहीं, या मताचा खुद्द बिनेनें 1909 सालच्या आपल्या ग्रंथांत निषेध केला होता. ज्यानें माप केलें त्यानें तें औषधयोजनेसाठीं केलें होतें. पुढच्यांनीं त्याचा उपयोग कपाळावर शिक्का मारण्याकडे केला.

तो कसा केला याचें उदाहरण अमेरिकेनेंच घालून दिलें. पहिल्या महायुद्धांत, 1917 पासून पुढें, तेथील सुमारें 17 लक्ष रंगरुटांची बुद्धिपरीक्षा घेण्यांत आली. प्रश्नांत अमेरिकन बाजारांतील मालाचीं नांवें व तेथील खेळांची माहिती यांचाहि समावेश होता. नुकताच बोटींतून उतरलेला मनुष्य त्यांत मागें पडला तर नवल कसलें? तथापि 1923 सालीं ब्रिगॅम या मानसशास्त्रज्ञानें त्या आंकड्यांवरून दक्षिण व पूर्व युरोपांतील लोक जात्याच मंद असतात, असा सिद्धान्त ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. 1924 च्या कायद्यानें त्या प्रदेशांतून येणाऱ्यांस दार बहुतांशीं बंद झालें. 1930 सालीं ब्रिगॅमनें आपला निष्कर्ष निराधार असल्याची जाहीर कबुली दिली. परंतु तोंपर्यंत कायद्यास सहा वर्षें लोटलीं होतीं.

आमच्या देशांत असल्या परीक्षेचीहि गरज पडली नाहीं! येथें मूल कोणाच्या घरीं जन्मलें एवढें विचारलें कीं त्याची बुद्धि ठरत असे. स्त्रिया आणि शूद्रातिशूद्र यांस विद्येचा अधिकार नाहीं एवढेंच म्हणून आमचे शास्त्री थांबले नाहींत. त्यांस ती पेलणारहि नाहीं, असेंहि ते सांगत. 1848 सालीं पुण्यांत जोतीराव फुल्यांनीं मुलींची शाळा काढिली, आणि जी बुद्धि नाहीं म्हणून सांगितली जात होती ती थोड्याच वर्षांत प्रत्यक्ष दिसूं लागली. शाळा निघण्यापूर्वीं कोणी त्याच मुलींची लेखी परीक्षा घेतली असती तर सर्वांस शून्य मिळालें असतें, आणि तें शून्य त्यांच्या बुद्धीचें म्हणून मिरविलें गेलें असतें.

सुदैवानें मापाकडे विवेकानें पाहणारे लोक आपल्याकडेहि झाले. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनीं टर्मनच्या कसोट्या जशाच्या तशा न उचलतां मराठी व कानडी मुलांसाठीं त्यांची नवी आवृत्ति सिद्ध केली, आणि हिंदी मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1940 सालीं प्रसिद्ध झाला. व्यापाऱ्यांस हें तत्त्व निराळें समजावून सांगावयास नको. परगांवचें वजन आपल्या पेढींत आणलें तर तें पुन्हां तपासून घ्यावें लागतें. पुण्यास अप्पा पेंडसे यांनीं 1962 सालीं स्थापिलेल्या ज्ञान प्रबोधिनीनें चाचण्यांचा उपयोग करून बुद्धिमान् विद्यार्थी निवडले, आणि त्या बुद्धीचा विनियोग समाजासाठीं व्हावा हा उद्देशहि त्याबरोबर ठेविला. मापन वाईट आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परीक्षा नसेल तेथें शिफारस, नातें आणि जात हींच मापें चालूं लागतात, आणि तीं याहून शतपट खोटीं आहेत.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, मापानें काय मोजलें जातें तें आधीं समजून घ्या. रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यानें 1931-32 सालीं उझबेकिस्तानांतील निरक्षर शेतकऱ्यांस विचारलें कीं, हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांत वेगळें काय? कित्येकांनीं उत्तर दिलें कीं, वेगळें कांहींच नाहीं. ओंडका नसेल तर करवतीनें कापावयाचें काय? शाळेच्या हिशेबीं हें उत्तर चूक. परंतु लांकूड तोडून कोळशाची भट्टी लावणाऱ्या आमच्या कातकऱ्यास विचारलें तर तोहि कदाचित् हेंच सांगेल, आणि त्याच्या धंद्यांत तें चूक नव्हे. 2025 च्या आरंभीं अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृति संशोधकांनीं कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या 1,400 हून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दुकानावर गुंतागुंतीचे हिशेब तोंडीं करणारीं हीं मुलें शाळेच्या पद्धतीनें लिहिलेल्या साध्या गणितांत अडखळलीं. आणि उलट, शाळेंत तीं गणितें सोडविणारीं मुलें बाजारांतील हिशेबांत अडखळलीं. म्हणजे शिळफाट्यावरची ती पोर आणि माडीवरचा तो मुलगा, दोघेंहि अर्धींच शिकलेलीं आहेत. त्यांपैकीं एकाच्याच अर्ध्यास आपण "बुद्धि" हें नांव दिलें आहे.

शिवाय माप ज्याचें घ्यावयाचें तें तरी स्थिर आहे काय? जेम्स फ्लिन यानें 1984 सालीं दाखवून दिलें कीं, 1932 ते 1978 या काळांत अमेरिकन लोकांची सरासरी सुमारें 14 गुणांनीं वाढली. दोन पिढ्यांत रक्त पालटत नाहीं. पालटली ती शाळा, पालटलें तें जेवण व राहणीमान. गरोदरपणीं आईच्या आहारांत आयोडिनाचा अभाव असला तर मुलाची बुद्धि खुंटते; लोह कमी पडलें तर मुलाचें लक्ष लागत नाहीं. आणि येथें आमचीं कातकरी कुटुंबें पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात तीं पुढच्या पावसाच्या तोंडाशीं परततात. जें मूल वर्षांतील निम्म्याहून अधिक काळ शाळेचें दार पाहत नाहीं, घरीं कातकरी बोली बोलतें व पुस्तकांत दुसरीच भाषा वाचतें, त्याच्या उत्तरपत्रिकेंतील शून्य हें त्याच्या बुद्धीचें माप नव्हे. तें आमच्या व्यवस्थेचें माप आहे.

खोपोलीहून बोरघाट चढतांना वाटेंत शिंग्रोबाचें देऊळ लागतें. इंग्रजांच्या इंजिनिअरांस घाटांतून वाट सांपडेना, तेव्हां ती एका धनगरानें दाखविली व पुढें त्यालाच जीव गमवावा लागला, अशी लोककथा या भागांत सांगतात. कथेंतील खरेंखोटें कसेंहि असो. डोंगर ज्याच्या पायांस ठाऊक त्याच्या ज्ञानावांचून विद्वानाचें अडतें, एवढें लोकांनीं त्यांत ओळखलें आहे. घाटांतून जाणारे-येणारे आजहि तेथें हात जोडतात. मात्र त्याच धनगराच्या नातवाच्या उत्तरपत्रिकेपुढें आपण निराळ्या नजरेनें उभे राहतों.

तेव्हां करावयाचें काय? शिक्षकांनीं चाचणी अवश्य घ्यावी. परंतु वैद्य नाडी पाहतो तशी, पुढें काय द्यावें हें कळण्यासाठीं. पहिल्या वर्षीं मुलास त्याच्या बोलींतून शिकवावें. आईबाप भट्टीवर गेले तर मुलासाठीं वसतिगृह असावें, नाहीं तर शाळेनें भट्टीपर्यंत जावें. बाजारचा तोंडी हिशेब वर्गांत आणावा व वर्गांतील लेखी रीत त्याच हिशेबावर बसवावी. असें केल्यानें दुकानदाराच्या मुलाचेंहि कल्याणच आहे. आणि व्यापारी मंडळींस आमची विनंति आहे कीं, तराजूंत माल घालण्यापूर्वीं पारडीं समान आहेत कीं नाहींत हें आपण जसें पाहतां, तसेंच या मुलांच्या बाबतींतहि एकवार पाहावें. पुढच्या वैशाखांत ती पोर करवंदांचे पैसे मोजून देईल तेव्हां घासाघीस करण्याआधीं ती कोणत्या इयत्तेंत आहे हें तिला विचारावें, आणि ती शाळेंत जात नसेल तर त्याचें कारणहि विचारावें.