मनाचं मोजमाप : ‘मला कधीच राग येत नाही’

शेगावच्या एखाद्या माळकरी आजोबांनी व्यक्तिमत्त्व चाचणीत ‘मला कधी कधी राग येतो’ या विधानापुढे ‘चूक’ अशी खूण केली, तर ते खोटं बोलतात का? १९४३ साली आलेल्या ‘एमएमपीआय’ या अमेरिकी चाचणीत अशी १५ विधानं मुद्दाम पेरलेली होती. राग, थापा, हेवा असे किरकोळ दोष बहुतेक जण कबूल करतात. सगळेच नाकारले, की या विधानांच्या पट्टीवरचे गुण चढतात आणि बाकीची उत्तरंही जपून वाचावी लागतात.

पण गुण चढले हे ठरवायला तुलना कुणाशी? मूळ चाचणीत ती मुख्यतः मिनेसोटातल्या इस्पितळात रुग्णांना भेटायला आलेल्यांशी होती. राग गिळणं हाच संस्कार असलेल्या घरात चढलेले गुण लबाडीचा पुरावा मानणं अन्यायाचं आहे. म्हणून चांगला मानसशास्त्रज्ञ आकड्यावर थांबत नाही, समोर बसून विचारतो, “आजोबा, पोरानं न विचारता बैलजोडी विकली, तेव्हा काय वाटलं होतं?”