तालुक्याच्या गावातील कार्यालयासाठी छोटा संगणक

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत असलेल्या जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावी तहसील, न्यायालय, नगर परिषद आणि बाजार समिती यांच्या भोवती पतसंस्था, दस्तलेखक, आपले सरकार सेवा केंद्रे आणि खत-बियाण्यांची दुकाने अशी लहान कार्यालयांची एक दाट वस्ती उभी राहते, आणि एकाच टेबलावर प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र व ग्राहकाची कागदपत्रे सामावून घेताना या कार्यालयांना जागेची चणचण जाणवू लागते. पूर्वीचा उभा, अवजड डबा टेबलाखाली जाऊन धूळ खात असे. आता त्याच्या जागी छोट्या आकाराचा कार्यालयीन संगणक घ्यावा, असा विचार बहुतेक चालक करतात. मोठ्या कंपन्यांनी काही वर्षे वापरून विक्रीस काढलेले असे संगणक आज जुन्या बाजारात मुबलक मिळतात, त्यामुळे नवा की जुना यापेक्षा, एकाच घराण्यातील दोन आकारांपैकी कोणता, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

तुलनेसाठी डेल कंपनीच्या २०१८ साली आलेल्या ऑप्टिप्लेक्स ७०६० या मालिकेतील दोन रूपे घेणे सोयीचे आहे, कारण दोन्हींच्या आत इंटेलच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर असतो आणि फरक राहतो तो मुख्यतः शरीररचनेचा. पहिले रूप ‘स्मॉल फॉर्म फॅक्टर’, म्हणजे लहान आकाराचा पण पूर्ण अवयव असलेला डबा. त्याची मापे सुमारे २९० × ९३ × २९२ मिलिमीटर आहेत. दुसरे ‘मायक्रो’, ज्याची मापे सुमारे १८२ × १७८ × ३६ मिलिमीटर असून तो मॉनिटरच्या पाठीलाही अडकवता येतो. पहिल्यात सामान्यतः आय-फाइव्ह ८५०० हा ६५ वॉट उष्णतेच्या हिशेबाने बांधलेला प्रोसेसर असतो, तर दुसऱ्यात त्याचाच ३५ वॉटचा भाऊ ८५००टी. दोघांनाही सहा गाभे, म्हणजे एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करणारी सहा गणनयंत्रे आहेत. पहिल्याचा मूळ वेग ३ गिगाहर्ट्‌झ, तर दुसऱ्याचा २.१. दाखले काढणे, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा छापणे, टॅलीत नोंदी करणे एवढ्या कामात हा फरक चालकाला जाणवणारही नाही, आणि म्हणून विक्रेता गिगाहर्ट्‌झचे आकडे सांगू लागला, तर त्याकडे फारसे लक्ष दिले नाही तरी चालते.

पिढीकडे मात्र लक्ष द्यावेच लागते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि विंडोज ११ साठी ठरवलेल्या अटींमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व प्रोसेसरची ठरावीक पिढी यांचा समावेश असल्याने, काही मोजके अपवाद वगळता, इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतरीत्या बाद ठरले. सातव्या पिढीचा ७०५० दिसायला जवळपास ७०६० सारखाच, आणि स्वस्तही. तरी सरकारी संकेतस्थळे, ठसे-यंत्रांची जोडणी आणि डिजिटल स्वाक्षरीची साधने ही सारी प्रामुख्याने विंडोजवर चालणारी असताना, त्या स्वस्ताईत हशील नाही. लिनक्स बसवून जुना डबा चालवता येतो हे खरे, पण सेवा केंद्राच्या चालकाला ते परवडेल असे वाटत नाही.

यानंतर येतो तो उन्हाळ्याचा प्रश्न, आणि या भागात तोच सर्वांत जड आहे. जळगाव जामोद ज्यात येते तो बुलढाणा जिल्ह्याचा घाटाखालचा भाग एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या पुढे सहज जातो, तर अशा संगणकांसाठी निर्माते साधारण ३५ अंशांपर्यंतचे भोवतालचे तापमान गृहीत धरतात. पत्र्याच्या छपराखालील वातानुकूलन नसलेल्या खोलीत ही मर्यादा दुपारी तासन्‌तास ओलांडली जाते. प्रोसेसर जळत नाही. ठरावीक तापमान आल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो, आणि रांगेतल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन’ वाटणारा खोळंबा कधी कधी याच कारणाने झालेला असतो. मायक्रो ३५ वॉटचा असल्याने कमी तापतो, हा त्याचा गुण. पण त्याचा पंखा लहान, हवेचे मार्ग अरुंद, आणि कापसाच्या पट्ट्यात हवेतील तंतू व धूळ त्यात लवकर अडकतात. मोठ्या डब्यातून, म्हणजे स्मॉल फॉर्म फॅक्टरमधून, हवा अधिक मोकळी खेळते आणि तो उघडून ब्रशने पुसणे सोपे जाते. मायक्रो घेणाऱ्याने मॉनिटरच्या पाठीवर तो अडकवण्याचा मोह टाळून टेबलावर मोकळ्या जागी उभा ठेवावा, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा तरी त्याची सफाई करून घ्यावी.

दुसरा निर्णायक मुद्दा जोडणीच्या छिद्रांचा आहे. जिनिंग कारखान्यांतील वा धान्य व्यापाऱ्यांकडील वजनकाटे बहुधा आरएस-२३२ या जुन्या पद्धतीच्या सिरियल पोर्टमधून वजनाचा आकडा संगणकाकडे पाठवतात, आणि त्या आकड्यावरून छापलेल्या पावतीवर गाडीभर कापसाचे पैसे ठरतात. मोठ्या डब्यात हे पोर्ट मूळचे नसले तरी आतील लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या कार्डाच्या जागेत ते बसवता येते. मायक्रोला कार्डाची जागा नाही. मागणीनुसार वेगळी जोडणी मिळत असे, पण जुन्या बाजारातल्या नगांत ती क्वचितच दिसते, म्हणून मग यूएसबीतून सिरियल करणारी केबल लावली जाते. यातील एक खाच लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रोलिफिक कंपनीच्या चिपच्या जुन्या वा नकली आवृत्त्या वापरणाऱ्या स्वस्त केबल विंडोज ११ वर ड्रायव्हरकडून नाकारल्या जातात, आणि काटा ठीक असूनही पडद्यावर वजन उमटत नाही. ज्यांच्या दारात असा काटा आहे, त्यांनी मायक्रोचा विचारच करू नये. पतसंस्थेलाही दुसरी हार्डडिस्क आत बसवून रोजचा हिशेब दोन ठिकाणी ठेवायचा असेल तर मोठा डबा अधिक सोयीचा पडतो.

विजेच्या बाबतीत मायक्रो पुढे असला तरी त्याचा लाभ वाटतो तेवढा मोठा नाही. दोन्ही डबे साध्या कामात फारशी वीज खात नाहीत. समजा फरक १५ वॉटचा धरला, रोज आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस काम मानले, तर वर्षाला ३६ युनिटची बचत होते, आणि मॉनिटरच तेवढ्यापेक्षा अधिक वीज घेतो. खरी सोय भारनियमनाच्या वेळी होते, कारण त्याच यूपीएसवर मायक्रो अधिक वेळ टिकतो आणि अर्धवट भरलेला अर्ज वाया जात नाही.

दुरुस्तीत मात्र दोघांनाही दोष आहे. मोठ्या डब्यातला सुमारे २०० वॉटचा वीजपुरवठा-संच कंपनीच्या स्वतःच्या जोडणीचा असतो, त्यामुळे दुकानात मिळणारा साधा संच त्यात बसत नाही आणि भाग मागवेपर्यंत काम थांबते. मायक्रोचा अडॅप्टर बाहेर असल्याने तो गावातच बदलता येतो, पण डेलचे यंत्र अडॅप्टरची ओळख तपासते. अनोळखी अडॅप्टर लावल्यास इशारा देते आणि वेग आवळू शकते. रॅमही वेगळी लागते : मोठ्यात टेबल-संगणकाची लांब पट्टी, चार जागांमध्ये मिळून ६४ जीबीपर्यंत, मायक्रोत लॅपटॉपची आखूड पट्टी, दोन जागांमध्ये ३२ जीबी. एकाच कार्यालयात दोन्ही प्रकार असतील, तर एकातील पट्टी दुसऱ्यात घालता येत नाही, हे हिशेबात धरावे.

 

निव्वळ अर्ज, दाखले आणि इंटरनेट एवढेच काम असलेल्या सेवा केंद्रासाठी मायक्रो पुरेसा ठरेल. काटा, कार्ड, दुसरी डिस्क किंवा पुढे वाढ अपेक्षित असल्यास मोठा डबा घ्यावा. कोणताही घेतला तरी पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर संगणक सुरू करून बायोसमध्ये पासवर्ड नाही याची खात्री करावी, टीपीएम सुरू आहे का ते पाहावे, मायक्रो असल्यास अडॅप्टर मूळचा आहे का ते तपासावे, आणि तो अर्धा तास चालवून पंख्याचा आवाज ऐकावा.