भीमगीतांचा कार्यक्रम आणि लेकराचे कान

आवडती गायन पार्टी वस्तीत आली की दोन वर्षांचं लेकरूही खांद्यावर बसून येतं. यावंच, आम्हीही आमची नेली. फक्त स्पीकरपुढे बसू नका. मागे, कडेला जागा धरा. आतल्या कानातल्या नाजूक पेशी आवाजाने मेल्या की पुन्हा येत नाहीत. 100 डेसिबल आवाजात मोठ्या माणसानेही दिवसाला 15 मिनिटांच्या वर थांबू नये; डीजे सहज त्यापुढे जातो. बाळ झोपलं म्हणजे आवाज सोसवतो असं नाही, झोपेतही कान उघडेच असतात. कापसाच्या बोळ्याने फारसं अडत नाही, शिवाय बोळा तोंडात गेला तर घशात अडकतो. कानांवर बसणारे इअरमफ चांगले. नसतील तर मधूनमधून लांब फिरवून आणा. दुसऱ्या दिवशी हाकेला वळलं नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.