एक संगणक, दोन पडदे

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागले, कात्रजचा घाट आणि खेड-शिवापूर मागे टाकले, की थोड्याच वेळात आमचे गाव येते. गावाचे नाव वरवे. पण नुसते वरवे म्हणून भागत नाही. ऐकणारा लगेच विचारतो, "बुद्रुक की खुर्द?" बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. हे शब्द मूळचे फारसी; जुन्या दप्तरांतून ते आपल्या गावांच्या नावांना चिकटले आणि तिथेच राहिले. माझे गाव वरवे बुद्रुक. कोणते पत्र बुद्रुकचे आणि कोणते खुर्दचे, हे पोस्टमनला नीट ठाऊक असावे लागते. नाहीतर नाव बरोबर असूनही पत्र चुकते.

आजचा विषय संगणकाचा आहे आणि सुरुवात गावाच्या नावाने केली, ती उगीच नव्हे. लॅपटॉपला बाहेरून एक मोठा पडदा जोडला की एका संगणकाचे असेच दोन भाग होतात, एक बुद्रुक आणि एक खुर्द. मग कोणते काम कोणत्या पडद्यावर ठेवायचे, हे ठरवावे लागते. ते ठरवले नाही तर काय होते, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो.

मी एका महाविद्यालयात शिकवतो. एका वर्षी अंतर्गत परीक्षेचे गुण संगणकावर भरायचे होते. माझ्या लॅपटॉपच्या लहानशा पडद्यावर एका खिडकीत माझी गुणांची यादी होती आणि दुसऱ्या खिडकीत गुण भरायचा तक्ता. एक उघडली की दुसरी झाकली जाई. म्हणजे यादीतला आकडा पाहायचा, तो डोक्यात धरायचा, खिडकी बदलायची आणि तक्त्यात लिहायचा. शंभरावर मुलांचे असे चालले होते. मध्ये फोन वाजला. बोलून परत बसलो, तेव्हा एकाच आडनावाच्या दोन मुलींचे गुण माझ्या हातून उलटसुलट भरले गेले. मला पत्ताही नव्हता. काही दिवसांनी त्यांतली एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, माझे एवढे कमी कसे झाले?" तिने अभ्यास केला होता आणि तिला ते ठाऊक होते. चूक दुरुस्त झाली. पण त्यासाठी अर्ज, सह्या आणि हेलपाटे तिच्या वाट्याला आले. चूक माझी आणि चालणे तिचे.

यावर कोणी म्हणेल, लक्ष द्यायला हवे होते. ते खरेच. पण माणसाला दोन कागद ताडून पाहायचे असले, की तो ते शेजारी शेजारी ठेवतो. एक पाठीमागे लपवून दुसरा लिहीत नाही. आपल्या सातबाऱ्याचेच उदाहरण घ्या. हस्तलिखित सातबारे संगणकावर आले, तेव्हा काही ठिकाणी जुन्या आणि नव्या नोंदींत फरक राहिले. ते लोकांसमोर यावेत म्हणून २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. लेखनातली अशी चूक दुरुस्त करायला १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे. एक आकडा चुकला तर शेतकऱ्याला किती फिरावे लागते, हे मी खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. जुने एका बाजूला आणि नवे दुसऱ्या बाजूला ठेवून ताडणे, हाच त्यावरचा पहिला उपाय.

आता खिडकी म्हणजे काय ते पाहू. संगणकावर प्रत्येक काम एका चौकटीत उघडते. तिला विंडो, म्हणजे खिडकी म्हणतात. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली ऑल्टो नावाचा संगणक तयार झाला, त्यावर ही कल्पना आकाराला आली. पुढे १९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश आला आणि १९८५ साली मायक्रोसॉफ्टची विंडोज. गंमत अशी, की त्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या एकमेकींवर चढतच नसत. फरशा बसवाव्यात तशा त्या शेजारी शेजारी बसत. एकीवर एक चढवण्याची सोय १९८७ साली दुसऱ्या आवृत्तीत आली. सोय झाली खरी, पण तिच्याबरोबर झाकाझाकीही आली. एकाहून अधिक पडदे जोडण्याची सोय मॅकिंटॉशवर १९८७ पासून आणि विंडोजवर १९९८ पासून आहे. म्हणजे ही गोष्ट नवी नाही, आपल्याकडे ती वापरायची सवय तेवढी कमी आहे.

दुसरा पडदा आणायचा कुठून? नवाच घ्यावा असे नाही. पुष्कळ शाळांत जुना संगणक बंद पडून कोपऱ्यात धूळ खात असतो. त्याचा पडदा बहुधा धडधाकट असतो. त्याची तार पंधरा टाचण्यांची, व्हीजीए प्रकारची असेल आणि लॅपटॉपला एचडीएमआयची चपटी खाच असेल, तर मध्ये बसवायचा जोड बाजारात काही शे रुपयांत मिळतो. घरातल्या नव्या दूरदर्शन संचालाही हीच चपटी खाच असते. शाळेचा प्रोजेक्टर म्हणजेही संगणकाच्या दृष्टीने दुसरा पडदाच.

तार जोडल्यावर पहिला प्रश्न असा, की दोन्ही पडद्यांनी एकच गोष्ट दाखवायची की वेगवेगळी? कळफलकावर डावीकडे खाली चार तावदानांची खूण असलेली एक कळ असते, ती विंडोज-कळ. ती दाबून धरून पी दाबले की चार पर्याय समोर येतात. पहिला, फक्त संगणकाचा पडदा. दुसरा ड्युप्लिकेट, म्हणजे एकाचीच नक्कल दुसऱ्यावर. तिसरा एक्स्टेंड, म्हणजे एक पडदा संपतो तिथून दुसरा सुरू. चौथा, फक्त बाहेरचा पडदा. काम करताना आपल्याला हवा तो तिसरा.

शिक्षक बंधुभगिनींनी हा फरक विशेष ध्यानात ठेवावा. वर्गात प्रोजेक्टर लावताना नक्कल ठेवली, तर तुमच्या लॅपटॉपवरचे सारे काही मुलांना दिसते. धडा दिसतो आणि मध्येच आलेला घरचा निरोपही दिसतो. एखाद्या मुलाच्या फीच्या थकबाकीची यादी उघडी असेल तर तीही भिंतीवर उमटते, आणि ते मूल सगळ्या वर्गासमोर मान खाली घालून बसते. पडदा वाढवून घेतला, तर भिंतीवर फक्त धडा राहतो; हजेरी आणि टिपणे तुमच्यापुरती लॅपटॉपवर राहतात.

दुसरी पायरी म्हणजे पडद्यांची मांडणी संगणकाला सांगणे. मोठा पडदा टेबलावर डावीकडे ठेवला असला, तरी संगणकाला डोळे नाहीत. तो उजवीकडेच आहे असे तो धरून चालतो. मग माउसचा बाण डावीकडे नेला की तो काठाला अडून बसतो. यासाठी सेटिंग्ज, मग सिस्टम, मग डिस्प्ले असे जावे. तिथे १ आणि २ अशा दोन चौकटी दिसतात. आयडेंटिफाय हे बटण दाबले की कोणता पडदा एक आणि कोणता दोन, हे त्या त्या पडद्यावर मोठ्या आकड्यात उमटते. मग चौकटी माउसने ओढून टेबलावर जसे पडदे आहेत तशा लावाव्यात. त्याच जागी मुख्य पडदा कोणता, हेही ठरवता येते.

तिसरी गोष्ट जागेची. अनेक लहान लॅपटॉपचा पडदा १३६६ ठिपके रुंद आणि ७६८ ठिपके उंच असतो. नेहमीचा मोठा पडदा १९२० रुंद आणि १०८० उंच. गुणाकार केला तर पहिल्यावर सुमारे साडेदहा लाख ठिपके येतात आणि दुसऱ्यावर वीस लाखांवर. लहान पडद्याचे दोन भाग केले तर प्रत्येकाला ६८३ ठिपके रुंदी मिळते. त्यात सरकारी तक्ता मावत नाही, सारखा आडवा सरकवावा लागतो. मोठ्याचे दोन भाग केले तर प्रत्येकी ९६० मिळतात, त्यात काम होते. म्हणून ताडायचे दोन्ही कागद बुद्रुकवर ठेवावेत. निरोप, दिनदर्शिका, गणकयंत्र अशी किरकोळ मंडळी खुर्दवर.

खिडक्यांचे असे भाग पाडायला त्या माउसने खेचत बसायला नको. भाताच्या खाचरांना जसे बांध घातलेले असतात, तसे पडद्यालाही घालता येतात. विंडोज-कळ धरून डावा बाण दाबला की समोरची खिडकी डाव्या अर्ध्या भागात बसते, उजवा दाबला की उजव्या. ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. विंडोज ११ मध्ये विंडोज-कळ आणि झेड दाबले की तीन-चार भागांचे तयार नकाशेच पुढे येतात. खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर न्यायची असेल, तर विंडोज-कळ आणि शिफ्ट दोन्ही धरून बाण दाबावा. ॲपलच्या संगणकावर खिडकी काठाला नेऊन भागात बसवण्याची सोय २०२४ च्या आवृत्तीत आली. कळा वेगळ्या, तत्त्व तेच.

आता खेड्यातली खरी अडचण. माझा एक पुतण्या गावात लोकांचे अर्ज भरून देतो. एका संध्याकाळी तो धावत आला आणि म्हणाला, "काका, लाइट गेली, मोठा पडदा काळा झाला आन् खिडकी गेली त्यात! आता ती सापडंना." मी म्हटले, "अरे, ती गेली नाही. ती अंधारात उभी आहे." झाले होते असे, की लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, मोठा पडदा मात्र विजेवाचून विझला. असे झाले की कधी संगणकाला ते लगेच कळते आणि तो सगळ्या खिडक्या गोळा करून लहान पडद्यावर आणतो. कधी मात्र तार जोडलेली असल्याने त्याला कळत नाही. पडदा आहेच असे समजून तो खिडक्या तिथेच ठेवतो. अशा वेळी घाबरून संगणक बंद करू नये, भरलेला मजकूर जाईल. विंडोज-कळ आणि पी दाबून "फक्त संगणकाचा पडदा" हा पर्याय निवडावा. सगळ्या खिडक्या घरी परततात. एखादी तरीही काठाबाहेर अडकली, तर आल्ट आणि टॅब दाबून तिला निवडावे आणि विंडोज-कळ, शिफ्ट व बाण यांनी ओढून आणावे. पुतण्याने तसे केले. अर्ज होता तसाच सापडला.

लॅपटॉप रोज तार काढून शाळेत नेणारे विचारतील, की संध्याकाळी परत जोडल्यावर मांडणी पुन्हा करायची का? विंडोज ११ मध्ये त्याचीही तजवीज आहे. डिस्प्लेच्याच पानावर मल्टिपल डिस्प्लेज या सदरात खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याची एक चौकट आहे, तीत खूण करून ठेवावी. मग तोच पडदा पुन्हा जोडला, की उघड्या असलेल्या खिडक्या बहुधा आपापल्या जागी जाऊन बसतात. संगणक पूर्ण बंद केला असेल तर मात्र खिडक्या पुन्हा उघडाव्या लागतात.

एक इशारा द्यायला हवा. पडदे दोन झाले तरी कळफलक एकच असतो आणि तो एका वेळी एकाच खिडकीशी बोलतो. डोळे एका पडद्यावर आणि लिहिणे दुसऱ्यावर, असे सहज होते. म्हणून टंकण्याआधी हव्या त्या खिडकीत एकदा माउसची टिचकी द्यावी. ही एवढी सवय पुष्कळ घोटाळे वाचवते.

आणि सगळे भरून झाल्यावर आपले एक छोटे चावडीवाचन करावे. मी आता तसेच करतो. मोठ्या पडद्यावर डावीकडे माझी यादी, उजवीकडे भरलेला तक्ता. शेजारी एखादा सहकारी बसतो, तो यादीतले नाव आणि गुण मोठ्याने वाचतो, मी तक्त्यावर बोट ठेवत जातो. शंभर नावांना अर्धा तास पुरतो. पहिल्याच वेळी त्यात दोन चुका सापडल्या, आणि त्या कोणाच्याही दाराशी उभ्या राहण्याआधी सापडल्या.

दुसरा पडदा काही मोठी चैन नाही. ज्याचे काम दुसऱ्याचे नाव, गुण किंवा गट नंबर लिहिण्याचे आहे, त्याने दोन्ही कागद डोळ्यांसमोर ठेवावेत, एवढीच त्यामागची गोष्ट आहे. बुद्रुकचे पत्र बुद्रुकला आणि खुर्दचे खुर्दला पोचावे, म्हणजे झाले.