उंबरठा आणि चव्हाटा

सकाळच्या वेळी तांबरम स्थानकातून चेन्नई शहराकडे निघालेल्या लोकलगाडीत एखादा उतारू वर्तमानपत्र उघडतो, तेव्हा शेजारी बसलेला गृहस्थ त्यातील मथळे निःसंकोचपणे वाचू लागतो आणि समोरचा मधले पान मागून घेतो. यात कोणालाही वावगे वाटत नाही. परंतु त्याच डब्यात कोणी खिशातून घरचे पत्र काढले, तर तोच शेजारी नजर वळवून खिडकीबाहेर पाहू लागतो. छापलेले ते सर्वांचे आणि पाकिटातले ते ज्याचे त्याचे, हा भेद त्याला कोणी शिकवावा लागत नाही. घराला उंबरठा असतो आणि गावाला चव्हाटा असतो; सभ्य समाजाला दोहोंचीही गरज असते. आज मात्र वर्तमानपत्र आणि पत्र ही दोन्ही हातातल्या मोबाइलच्या एकाच काचेवर उमटतात. कोणते पान मागून घ्यावे आणि कोणते पाहून न पाहिल्यासारखे करावे, याचा विवेक त्यामुळेच अवघड होऊन बसला आहे.

या भेदाला भारतीय कायद्यात रेखीव रूप मिळाले, ते तांबरमवरून जाणाऱ्या याच लोहमार्गाच्या परिसरातील एका प्रकरणामुळे. तांबरमच्या दक्षिणेस चेंगलपट्टू येथे तुरुंग आहे आणि उत्तरेस मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नईतील छापखाने. त्या तुरुंगातील एका कैद्याच्या हस्तलिखितापासून या प्रकरणाचा आरंभ झाला. परंतु त्याचे मर्म समजण्यासाठी प्रथम त्याहून जुन्या एका निवाड्याकडे वळले पाहिजे.

भारतीय संविधान अमलात आले २६ जानेवारी १९५० रोजी. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १ मार्च रोजी, मद्रास सरकारने मुंबईत छापल्या जाणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या इंग्रजी साप्ताहिकाला आपल्या राज्यात प्रवेशबंदी केली. संपादक रमेश थापर यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. २६ मे रोजी न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी बहुमताचा निर्णय दिला आणि बंदी रद्द झाली. छापण्याची मोकळीक असूनही जर अंक वाचकांपर्यंत नेता येत नसेल, तर त्या मोकळिकीला अर्थ उरत नाही, हे त्या निर्णयाचे सार होय. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, संविधानाची पहिली दुरुस्ती होऊन सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणासाठीही निर्बंध घालण्याची वाट शासनाला मोकळी झाली; मात्र ते निर्बंध वाजवी असले पाहिजेत, ही अटही त्याच दुरुस्तीने घातली. चव्हाट्यावर बोलण्याचा नागरिकाचा अधिकार आणि त्याला आवर घालण्याचा शासनाचा अधिकार यांच्यातील ओढाताण ही अशी प्रजासत्ताकाच्या जन्माइतकीच जुनी आहे.

आता त्या हस्तलिखिताकडे येऊ. सहा खुनांबद्दल देहदंडाची शिक्षा झालेला ऑटो शंकर या नावाचा कैदी चेंगलपट्टूच्या तुरुंगात होता. तेथे त्याने आत्मचरित्र लिहिले आणि ते प्रसिद्धीसाठी बाहेर पाठविले, असे ‘नक्कीरन’ या तमिळ साप्ताहिकाचे म्हणणे होते. या साप्ताहिकाचे नाव ज्या प्राचीन कवीवरून आले आहे, त्याची कथा तमिळ घराघरात ठाऊक आहे. साक्षात शिवाने कपाळीचा डोळा उघडला तरी काव्यातला दोष तो दोषच, असे त्याने बजावले होते म्हणतात. आत्मचरित्रात बड्या अधिकाऱ्यांशी असलेल्या साटेलोट्याचे उल्लेख होते. जून १९९४ मध्ये तुरुंग खात्याच्या महानिरीक्षकांनी संपादकांना पत्र लिहून, हा मजकूर खोटा आहे, तो छापल्यास कारवाई होईल, असा इशारा दिला. संपादक राजगोपाल सर्वोच्च न्यायालयात गेले.

७ ऑक्टोबर १९९४ रोजी न्यायमूर्ती जीवन रेड्डी आणि सेन यांनी दिलेला निकाल आजही वाचण्याजोगा आहे. बदनामी होईल या भीतीने मजकूर छापण्यापूर्वीच रोखण्याचा अधिकार शासनाला वा त्याच्या अधिकाऱ्यांना नाही, हे त्यांनी प्रथम सांगितले. पुढे त्यांनी म्हटले की, प्रत्येक नागरिकाला एकटे राहू दिले जाण्याचा हक्क आहे. त्याचे कुटुंब, त्याचा विवाह, त्याची अपत्ये यांविषयी त्याच्या संमतीवाचून काहीही छापता येणार नाही. मग ते खरे असो वा खोटे, स्तुतीचे असो वा निंदेचे. न्यायालयाच्या दप्तरासारख्या सार्वजनिक नोंदीत जे आले आहे, तेवढे मात्र छापता येते. पण तेथेही अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीचे नाव जाहीर करून तिची दुसऱ्यांदा विटंबना करता येणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अधिकारपदावरील व्यक्तीला आपल्या पदाच्या कामकाजापुरते या आडोशाचे संरक्षण मिळत नाही. मजकूर खोटा आहे आणि खऱ्याखोट्याची फिकीर न करता तो छापला आहे, असे तिने सिद्ध केले, तरच तिला दाद मिळेल.

म्हणजे ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याच्या घराचा उंबरठा उंच आणि ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याच्या कचेरीचा उंबरठा सखल. खुनाबद्दल दोषी ठरलेल्या माणसालाही खासगी आयुष्य असते, आणि महानिरीक्षकांच्या खुर्चीला मात्र ते नसते. ऐकताना हे उफराटे वाटते. परंतु विचारांती ध्यानात येते की, लोकशाहीतील स्वातंत्र्याचा सारा डोलारा या उफराटेपणावरच उभा आहे.

या निकालाने वृत्तपत्रांच्या पदरात सवलत पडली, तशी जबाबदारीही पडली. तिची जाणीव महाराष्ट्राला फार पूर्वी झालेली आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींचा तेथील दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडून छळ होत असल्याच्या बातमीने ‘केसरी’ आणि ‘मराठा’ पेटून उठले. त्यासंबंधीची पत्रे त्यांनी छापली, आणि ती पत्रे बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातील त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. हेतू निर्मळ होता, अन्यायाची चीड खरी होती, तरीही कागद पारखून घेण्याचे कर्तव्य टळले नाही. आज असा कागद घटकेत तयार होतो आणि संपादकाच्या मेजावर न थांबता हजारो हातांत जातो. पुढे पाठवा, एवढे एक बोट दाबणारा प्रत्येक जण त्या क्षणापुरता संपादकच असतो. मात्र संपादकाची धास्ती त्याला शिवत नाही.

उंबरठ्याच्या हक्काला पूर्ण मान्यता मिळण्यास आणखी तेवीस वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, खासगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्कच आहे, असे एकमताने ठरविले आणि १९५४ व १९६२ सालच्या निर्णयांतील याविरुद्धचे मत दूर केले. परंतु नव्या साधनांनी नवे पेच निर्माण केले आहेत. तमिळनाडूतीलच एक उदाहरण पाहावे. फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका गृहस्थाची तक्रार अशी होती की, संगणकावर आपले नाव शोधताच तो निकाल समोर येतो आणि सुटका झाली असली तरी आरोपाचा डाग जात नाही. नाव झाकण्याची त्याची विनंती मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०२१ मध्ये अमान्य केली. मदुराई येथील खंडपीठाने २०२४ मध्ये ती मान्य केली. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. १९९४ मध्ये न्यायालयाचे दप्तर सार्वजनिक होते, पण ते फडताळात धूळ खात पडे आणि ती धूळही एक प्रकारचा आडोसाच होती. आता दप्तराला धूळ बसत नाही. उघड न्यायदानाचे तत्त्व राखायचे, की निर्दोष माणसाला विसरले जाण्याची मुभा द्यायची, हा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला आहे.

दुसरा पेच याच्या उलट बाजूचा आहे. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तींच्या माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला. नागरिकाची माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांवर बंधने घालणारा असा कायदा हवाच होता. परंतु त्याच कायद्याने २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्याचे एक कलमही बदलले. पूर्वी एखाद्याची व्यक्तिगत माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित असेल किंवा व्यापक लोकहिताची असेल, तर ती नाकारता येत नसे. नव्या शब्दरचनेत व्यक्तिगत माहिती एवढे कारणच नकारासाठी पुरेसे धरले आहे. लोकहितासाठी माहिती खुली करण्याची तरतूद त्या कायद्यात अन्यत्र शिल्लक आहे, हे खरे. तथापि ती वापरण्याचा निर्णय पुन्हा कचेरीतच व्हायचा आहे. शिवाय वृत्तपत्रीय कामासाठी स्वतंत्र सूट या कायद्याने ठेवलेली नाही. घरासाठी बांधलेला उंबरठा अशा रीतीने कचेरीच्या दाराशी नेऊन बसविला जाण्याचा धोका आहे.

जी कचेरी नागरिकाकडून त्याचे नाव, पत्ता, बोटांचे ठसे आणि उत्पन्न मागते, तिने स्वतःच्या निर्णयांचा हिशेब त्याच मोकळेपणाने दिला पाहिजे. जो पत्रकार सत्तेचे पडदे बाजूला सारतो, त्याने दुःखात बुडालेल्या घराच्या खिडकीत डोकावता कामा नये. आणि जो वाचक स्वतःची गुपिते जपतो, त्याने दुसऱ्याचे गुपित पुढे धाडण्यापूर्वी क्षणभर थांबले पाहिजे. कायदा या तिघांना मर्यादा आखून देईल. ती पाळण्याची सवय मात्र त्यांची त्यांनीच लावून घ्यायची आहे. तांबरमच्या गाडीतील तो शेजारी मथळे वाचतो आणि पत्र दिसताच नजर वळवितो. ती नजर कोठे खिळवावी आणि कोठे वळवावी, हे ज्या समाजाला उमगले, त्याचे स्वातंत्र्य सुरक्षित आहे.